पहाटे तीनचा मोकताक : उनमुनसाच्या भिक्खुनींविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात दक्षिण कोरियातील उनमुनसा या भिक्खुनींच्या मठाची ओळख एका छोट्या चौकटीत दिली होती. उत्तर ग्यंगसांग प्रांतातील छंगदो जिल्ह्यात, होगोसान डोंगराच्या कुशीत हा मठ आहे. स्थापना इ.स. ५६० ची, सिल्ला राजवटीतली. १९५८ पासून येथे भिक्खुनींचे शिक्षण चालते. चौकट वाचून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. बऱ्याच पत्रांतून एक समज डोकावतो, तो आधीच दूर करू : डोंगरातला मठ म्हणजे दिवसभर डोळे मिटून बसणे नव्हे. उनमुनसा हे विद्यालय आहे. तिथे अभ्यास असतो, स्वयंपाक असतो, शेत असते, आणि ही सगळी कामे सगळ्यांनी मिळून करायची असतात. तिथली साधना याच कामांत आहे.

जय भीम. तिथल्या भिक्खुनींचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत कसा जातो, ते घड्याळ लावून सांगाल का? — एक वाचक भगिनी, नागपूर

जय भीम, ताई. दिवस पहाटे तीनला सुरू होतो. काही मठांनी आता वेळ अर्ध्या-एक तासाने पुढे नेली आहे, पण जुनी रीत तीनचीच. सगळ्यांच्या आधी एक जण उठलेली असते. तिच्या हातात मोकताक असतो. हे माशाच्या आकारावरून आलेले, आतून पोकळ केलेले गोल लाकडी वाद्य. ते वाजवत आणि सूत्र म्हणत ती सगळ्या इमारतींभोवती फेरी घालते. या फेरीला तोर्यांगसोक म्हणतात. पहिले ठोके अगदी हलके असतात, मग चढत जातात, पुन्हा उतरतात, पुन्हा चढतात. एकदम मोठा ठोका मारायचा नाही. झोपलेले पक्षी-प्राणी दचकू नयेत आणि वाटेतल्या किड्यामुंग्यांना बाजूला व्हायला वेळ मिळावा, म्हणून ही चढण ठेवलेली आहे. नवख्या मुलीचा हात इथेच चुकतो. ठोके चढवण्याच्या घाईत त्यांच्यातले अंतर आधीच कमी होते, आणि मग शेवटच्या जलद ठोक्यांना जागाच उरत नाही.

फेरी संपली की चार वाद्ये वाजतात. मोठा ढोल जमिनीवरच्या प्राण्यांसाठी, लाकडी मासा पाण्यातल्या जिवांसाठी, ढगाच्या आकाराची धातूची थाळी पक्ष्यांसाठी आणि मोठी घंटा नरकात पिचणाऱ्यांसाठी. या घंटेला आत लोलक नसतो. बाहेर आडवा टांगलेला लाकडी ओंडका मागे ओढून तिच्यावर आदळतात. पहाटे २८ टोले आणि संध्याकाळी ३३. अठ्ठावीस हे कामलोक, रूपलोक आणि अरूपलोक मिळून होणाऱ्या स्वर्गांचे, आणि तेहतीस हे तावतिंस, म्हणजे तेहतीस देवांच्या लोकाचे. ढोलावर एकीचे हात दमले की दुसरी शेजारी येऊन उभी राहते आणि ताल न तुटता काठ्या चालू ठेवते. ऐकणाऱ्याला हा बदल कळला तर सराव कमी पडला, असे समजतात.

मग सगळ्या जणी मुख्य सभागृहात जमतात. वंदना उभ्याने आणि दंडवताने होते, शेवटी प्रज्ञापारमिता हृदयसूत्र. एवढ्या स्त्रियांचे आवाज एका सुरात उठतात, त्यासाठी उनमुनसाची पहाटेची वंदना साऱ्या कोरियात ओळखली जाते. त्यानंतर थोडे ध्यान किंवा पाठांतर. सहाच्या सुमारास नाश्ता, मग झाडलोट आणि तासिका. दहा वाजता बुद्धमूर्तीपुढे भात ठेवतात, कारण भगवंत माध्यान्हापूर्वी एकदाच जेवत. साडेअकराच्या आसपास दुपारचे जेवण. दुपारी शेतातले किंवा स्वयंपाकघराचे काम, आणि मग पुन्हा पोथी. पाचला संध्याकाळचे जेवण, सहाला सायंवंदना, नंतर अभ्यास, नऊला दिवे बंद.

येथे एक शंका येईल : आपल्याकडचे भन्ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, मग तिथे संध्याकाळचे जेवण कसे? त्या जेवणाला याकसोक, म्हणजे ‘औषध’ असे नाव आहे. थंड मुलखात आणि अंगमेहनतीच्या दिवसात शरीर टिकावे म्हणून घ्यायचे अन्न, अशी त्यामागची समजूत. सवलत घेतली आहे हे नावातच कबूल केलेले आहे, आणि ते आम्हाला प्रामाणिक वाटते.

आमच्याकडे भन्ते पात्र घेऊन भोजनदान स्वीकारतात. कोरियात भिक्षाटन नाही असे ऐकले. मग पात्र कशासाठी ठेवतात? — एक वाचक, औरंगाबाद

बरोबर ऐकले आहे. जोग्ये हा तिथला सर्वांत मोठा संघ. खोटे भिक्खू बनून पैसे गोळा करणाऱ्यांचा उपद्रव वाढला, तेव्हा या संघाने भिक्षाटन बंद केले. पात्र मात्र राहिले. ते आता पंगतीत वापरतात, आणि वापरण्याची रीत इतकी बारीक आहे की ती अंगवळणी पडेपर्यंत नव्या मुलींचे जेवणाकडे लक्षच लागत नाही.

पात्र एक नसून चार असतात. लाकडाची, लाखेसारख्या झाडाच्या चिकाचे थरावर थर दिलेली, एकात एक बसणारी. सर्वांत मोठे भातासाठी, त्याहून लहान सारासाठी, मग पाण्यासाठी आणि सर्वांत लहान तोंडीलावण्यांसाठी. याला बारू म्हणतात. सोबत चमचा आणि काड्या ठेवलेली पिशवी, खाली अंथरायचा चौकोनी तुकडा आणि पुसायचे फडके. हे सगळे एका कापडात गाठ मारून प्रत्येकीच्या फळीवर ठेवलेले असते.

पंगत भिंतीकडे पाठ करून, दीक्षेच्या ज्येष्ठतेप्रमाणे बसते. बोलणे नाही. सगळे इशारे जुकबीने होतात. जुकबी म्हणजे मधोमध चिरलेला बांबू, तो तळहातावर आपटला की टाळीसारखा आवाज येतो. पहिल्या इशाऱ्याला गाठ सोडून पात्रे मांडायची. इथे भांड्याला भांडे लागून आवाज होता कामा नये. त्यासाठी दोन्ही अंगठे कडेच्या आतून घालून पात्र सरळ वर उचलायचे, तिरके नाही. मग वाढणारी पाणी आणते. ते आधी मोठ्या पात्रात घ्यायचे, फिरवायचे, पुढच्या पात्रात ओतायचे, असे करत शेवटी पाण्याच्या पात्रात न्यायचे. हे पाणी जेवण होईपर्यंत तसेच राहते. पुढे त्याचेच महत्त्वाचे काम आहे.

मग भात, सार आणि भाज्या. पुरे झाले हे सांगायला पात्र किंचित हलवायचे. घेतलेले सगळे संपवावे लागते, म्हणून वाढून झाल्यावर एक रिकामे ताट पुन्हा फिरते. जास्त झालेला भात त्यात काढता येतो, कमी पडलेला त्यातून घेता येतो. आपल्या पंगतीत आग्रह हा पाहुणचार असतो, तिथे तो दोष ठरेल. भाताचे काही कण पेतांसाठी, म्हणजे मरणानंतर भुकेने तळमळणाऱ्या जिवांसाठी, बाजूला काढतात. मग पाच गोष्टींचे चिंतन म्हणतात : हे अन्न कुठून आले, ते घ्यायला आपण पात्र आहोत का, लोभ सोडावा, हे शरीराचे औषध आहे, आणि बोधीसाठी ते घेतो आहोत. पात्र तोंडासमोर उचलून जेवायचे, चावण्याचा आवाज होऊ द्यायचा नाही.

जेवताना किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या लोणच्याचा, एक तुकडा राखून ठेवायचा. भात शिजवलेल्या भांड्याच्या तळाला धरलेल्या खरपुडीत पाणी उकळून ते कोमट वाढतात. त्या पाण्यात किमचीच्या तुकड्याने आधी भाताचे पात्र घासायचे, मग तेच पाणी साराच्या पात्रात, मग भाजीच्या. शेवटी तो तुकडा खायचा आणि पाणी पिऊन टाकायचे. नंतर सुरुवातीला राखलेल्या स्वच्छ पाण्याने तीच पात्रे हाताने पुन्हा फिरवून धुवायची आणि ते पाणी बादलीत ओतायचे. तळाशी काही उरले असेल तर ते ओतायचे नाही, स्वतः प्यायचे.

बादलीतले पाणी नितळ असावे लागते. ते पेतांसाठी असते, आणि त्यांचा गळा सुईच्या नेढ्याएवढा. तिखटाचा एक कण गेला तरी तो गळा जळतो, असे मानतात. बादली बघितली जाते. पाणी गढूळ निघाले तर ते सगळ्यांनी वाटून प्यावे, अशी रीत आहे. एकीच्या हयगयीची चव पंगतीला कळते.

चुकते कुठे? तीन ठिकाणी. राखलेल्या किमचीला तिखट लागलेले असते, म्हणून तो तुकडा जेवतानाच सारात खळबळून घ्यायचा आणि मगच बाजूला ठेवायचा. भाजीवरचे तीळ पात्राच्या बुडाच्या कडेला चिकटतात, त्यांना बोटाच्या पेरानेच काढावे लागते, पाण्याने ते सुटत नाहीत. आणि लाखेच्या पात्राला कढत पाणी आणि कडक ऊन दोन्ही सोसत नाही, थराला तडे जातात. म्हणून लगेच पुसून कापडात बांधतात, उन्हात वाळवत नाहीत.

कांदा-लसूण नाही हे समजू शकते, पण हिंगही चालत नाही असे वाचले. खरे आहे का? मग किमची कशी होते? — एक गृहिणी, पुणे

खरे आहे, आणि यात आपल्या स्वयंपाकघराशी नाते आहे. चिनी सूत्रांत ज्या पाच उग्र वनस्पती वर्ज्य सांगितल्या आहेत, त्यांतली पाचवी कोरियन भाषेत ‘हुंगगो’. हा शब्द हिंगावरूनच गेला आहे. बाकीच्या चार : लसूण, कांद्याची पात, एक चपट्या पातीची, लसणाच्या पातीसारखी भाजी आणि रानकांदा. कोरियात हिंग स्वयंपाकात नसतोच, तरी यादीत त्याचे नाव टिकून आहे. कारण असे देतात की या गोष्टी शिजवून खाल्ल्या तर वासना वाढते आणि कच्च्या खाल्ल्या तर राग. शिवाय अनेक जणी एका खोलीत झोपतात आणि एका सुरात पठण करतात, तिथे तोंडाला वास असणे हाही प्रश्नच.

किमचीचे प्रमाण दहा किलो चायनीज कोबीसाठी सांगतो. म्हणजे साधारण चार गड्डे. मठात हे काम नोव्हेंबरात शेकड्यांनी गड्डे घेऊन चालते आणि त्याला दोन-तीन दिवस सगळे विद्यालय लागते, पण मूळ हिशेब हाच.

गड्डा बुडाशी थोडा चिरून उरलेला हातांनी फाडायचा. पूर्ण सुरीने कापला तर आतल्या पानांचा भुगा होतो. दहा लिटर पाण्यात सुमारे एक किलो जाडे समुद्री मीठ घालून त्यात अर्धुके बुडवायचे, आणि आणखी मूठ-दोन मूठ मीठ पानांच्या जाड पांढऱ्या देठांत भुरभुरायचे. मऊ हिरव्या टोकांना नाही. आठ ते बारा तास ठेवायचे, मध्ये एकदा खालचे वर करायचे. झाले की नाही हे देठ वाकवून बघतात : कट्‌कन तुटला तर कच्चा, वाकून परत आला तर तयार. तीन पाण्यांनी धुऊन, चिरलेली बाजू खाली ठेवून दोन-तीन तास निथळायचे. हे निथळणे उरकू नका. पाणी राहिले की सगळा मसाला पातळ होऊन बुडाशी जमतो.

मसाल्याला आधार लागतो तो चिकट तांदळाच्या पिठाच्या खिरीचा. समुद्री शेवाळाची पट्टी आणि वाळवलेले शिताके अळंबे उकळून काढलेल्या पाण्यात ही खीर शिजवतात. बाहेरच्या किमचीत माशाचा खार घालतात, त्याची चव इथे हे पाणी आणि मठात केलेला सोयाबीनचा खार भरून काढतो. खीर गार झाल्यावर तिच्यात कोरियन तिखट सुमारे अर्धा किलो, ५० ते १०० ग्रॅम आले, किसलेले नासपती, दोन किलो मुळ्याच्या काड्या आणि मोहरीची पाने. आपले लवंगी तिखट या प्रमाणात घालू नका. त्यांचे तिखट रंगाला गडद आणि चवीला सौम्य असते, त्याऐवजी बेडगी किंवा काश्मिरी वापरा आणि तेही निम्मे. हा मसाला पानापानात, देठाकडून टोकाकडे, हाताने माखायचा. बाहेरच्या पानाने गड्डा गुंडाळायचा आणि बरणीत दाबून बसवायचा. बरणी तीन चतुर्थांशच भरतात, कारण आंबताना रस वर येतो. वरून बाहेरची जाड पाने आणि मीठ. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात ती हिवाळाभर राहते.

लसूण नसल्याने चव स्वच्छ, कोबीची लागते. जी किमची वसंतापर्यंत टिकवायची तिला मीठ जास्त, जी आधी संपवायची तिला कमी. म्हणून रांजण वेगवेगळे लावतात आणि कुठला केव्हा उघडायचा ते ठरलेले असते. मऊ पडते ती बहुतेक वेळा उबेमुळे किंवा हवा लागल्यामुळे. कडवट लागते ती नव्या मिठामुळे. मिठागरातून आलेल्या मिठात मॅग्नेशियमचे कडू क्षार असतात. पोती फळीवर ठेवून वर्ष-दोन वर्षे, कुठे कुठे तीन वर्षे, ते कडू पाणी गळू देतात आणि मगच ते मीठ वापरतात.

खाराविषयीही थोडक्यात, कारण मठाचे सगळे स्वयंपाकघर त्यावर उभे आहे. सोयाबीन शिजवून, कुटून त्याच्या विटा करतात आणि भाताच्या पेंढ्याने बांधून टांगतात. पेंढ्यावरचे जिवाणूच आंबवण्याचे काम करतात, म्हणून प्लास्टिकची दोरी चालत नाही. थंडी सरताना या विटा मिठाच्या पाण्यात घालतात, दर दहा लिटर पाण्याला साधारण दोन किलो मीठ. पाण्यात कच्चे अंडे सोडून बघतात. वर आलेला भाग मोठ्या नाण्याएवढा दिसला की मीठ बरोबर. कमी दिसला तर खार आंबट होऊन नासतो. वर कोळसा, सुक्या मिरच्या आणि लाल बोरे टाकतात. चाळीस ते साठ दिवसांनी गाळले की पातळ भाग म्हणजे कानजांग, घट्ट लगदा म्हणजे दोएनजांग. उन्हाच्या दिवशी रांजणांची झाकणे उघडायची आणि ढग दिसला की धावत जाऊन लावायची, हे कामही कुणा एकीकडे सोपवलेले असते.

एवढी कामे कोणी करायची हे कोण ठरवते? ज्येष्ठांची कामे नव्या मुली करतात का? — एक शिक्षिका, सांगली

भिंतीवर एक पट असतो. त्याचे नाव ‘नाग आणि हत्ती यांचा पट’, थोर साधकांना दिलेली ही जुनी उपमा आहे. त्यावर प्रत्येकीच्या नावासमोर काम लिहिलेले असते. भात शिजवणारी वेगळी, सार करणारी वेगळी, भाज्या करणारी वेगळी. कोठी सांभाळणारी, दिवे बघणारी, चहा करणारी, पाहुण्यांचे बघणारी, आजाऱ्याजवळ बसणारी, संडास धुणारी. आणि शिस्तीवर लक्ष ठेवून जुकबी वाजवणारी. कामे ठरावीक मुदतीने बदलतात. ‘एक दिवस काम नाही तर एक दिवस अन्न नाही’ हे चीनमधल्या पायचांग या ध्यानगुरूंचे वचन तिथे आचरणात आहे. संपूर्ण विद्यालयाने मिळून करायच्या कामाचा ठोका वाजला की पोथी मिटून, टोपी घालून सगळ्या जणी शेतात. जड कामे नव्या वर्गाच्या वाट्याला अधिक येतात हे खरे, पण शेतात ज्येष्ठ नाहीत असे होत नाही.

या यादीतले एक पद आम्हाला फार आवडते : खळ करणारी. तिला माहो म्हणतात. उन्हाळ्यातली तागाच्या जातीची वस्त्रे खळीशिवाय अंगाला चिकटतात. उरलेला भात सुती पिशवीत घालून पाण्यात चोळायचा, म्हणजे गाठी पिशवीत राहतात आणि पांढरे पाणी बाहेर येते. वस्त्र त्यात बुडवून, अर्धवट ओले असताना घडी घालून, फडक्यात गुंडाळून पायांनी तुडवायचे आणि मग पूर्ण वाळवायचे. तुडवल्याने खळ धाग्यात शिरते. तुडवले नाही तर ती वर पापुद्रा धरून बसते आणि घडीवर पांढऱ्या रेघा उमटतात. पेजेची खळ घातलेली सुती साडी ज्यांनी वापरली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

डोंगरात बर्फ पडतो. थंडीत कशा राहतात? — एक विद्यार्थिनी, नाशिक

जमीन तापवून. चुलीचा धूर खोलीच्या दगडी फरशीखालच्या पोकळीतून पलीकडच्या धुराड्याकडे जातो. वर तेल पाजलेला कागद असतो. चुलीकडची बाजू भाजते आणि लांबची गार राहते. अंथरूण जमिनीवरच. एका मोठ्या खोलीत प्रत्येकीला अंगाएवढी जागा आणि एक छोटे कपाट. तीच जागा झोपायची, तीच अभ्यासाची, तीच जेवायची. फरशीला चीर गेली तर धुराबरोबर विषारी वायू खोलीत येतो, म्हणून हिवाळ्याआधी चिरा मातीने लिंपतात. दाराखिडक्यांचा कागदही तेव्हाच बदलतात. पातळ खळीने चिकटवून, वरून पाण्याचा फवारा मारून सावलीत वाळवला की तो ढोलासारखा ताणून बसतो. उन्हात वाळवला तर कडेने फाटतो.

आपला वर्षावास आषाढ पौर्णिमेला सुरू होतो. त्यांचाही तेव्हाच का? आणि उपोसथाला काय करतात? — एक वाचक, अकोला

त्यांचे वास, म्हणजे एका जागी राहून साधना करायचे काळ, दोन. उन्हाळी वास चांद्र चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेपासून सातव्याच्या पौर्णिमेपर्यंत, हिवाळी वास दहाव्याच्या पौर्णिमेपासून पुढच्या वर्षी पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेपर्यंत. थंडीत फिरता येत नाही, म्हणून दुसरा वास चीन-कोरियाकडे रूढ झाला. ध्यानाला वाहिलेले भिक्खुनी-मठ वेगळे आहेत. उनमुनसाच्या शेजारच्या डोंगररांगेतला, काजीसानमधला सोकनामसा हा त्यांतला प्रसिद्ध. तिथे पन्नास मिनिटे बैठक आणि दहा मिनिटे चालणे, असे दिवसाचे आठ-दहा तास चालते. बाराव्या महिन्याच्या अष्टमीला ते बोधिदिन मानतात, त्याआधी सात दिवस न झोपता बसतात. बुद्धजयंतीही वैशाख पौर्णिमेला नसून चौथ्या महिन्याच्या शुद्ध अष्टमीला असते.

उपोसथ पौर्णिमेला आणि अमावास्येला, शीलांचे एकत्र पठण करून. मुंडन त्याच्या आदल्या दिवशी. दोघी-दोघी एकमेकींचे डोके करतात. आधी गरम पाण्याने केस भिजवायचे, वस्तरा कपाळाकडून मागे न्यायचा. कानामागची आणि मानेवरची जागा कापते, तिथे कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरावी लागते. त्या दिवशी अंघोळ असते आणि जेवणात चिकट तांदळाचा भात. मुंडनाने शक्ती उतरते, ती या भाताने भरून येते असे मानतात. मठातल्या कोणालाही विचारा, महिन्यातला आवडता दिवस हाच.

भिक्खुनीने अरण्यात राहू नये असा विनयाचा, म्हणजे संघाच्या आचारसंहितेचा, नियम आहे ना? मग डोंगरात मठ कसा? — एक अभ्यासक, मुंबई

नियम आहे. मात्र मोठ्या संघाचा मठ म्हणजे एकटीने अरण्यात राहणे नव्हे. पण प्रश्नाला इतिहासाची बाजू आहे. आपल्याकडे जुन्नरच्या एका लेण्यातील लेखात भिक्खुनींच्या निवासाचा उल्लेख ‘नगरात’ असा येतो, आणि कान्हेरीला भिक्खुनींनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. म्हणजे त्या वस्तीजवळ, व्यापारी मार्गांजवळ होत्या. कोरियात चोसोन राजवटीने बौद्ध धर्म दाबला आणि भिक्खू-भिक्खुनींना राजधानीत पाऊल ठेवायला बंदी केली. ती १८९५ मध्ये उठली. डोंगरातले मठ टिकले, शहरातले गेले. आज जे निवांत वाटते ते एके काळी हाकलून दिल्याचे चिन्ह होते. ही गोष्ट विसरून त्या शांततेचे गोडवे गाणे आम्हाला पटत नाही.

दीक्षेचा क्रम असा : सुमारे सहा महिने उमेदवारी, मग दहा शीलांची श्रामणेरी (नवदीक्षिता), मग सहा नियम पाळणारी सिक्खमाना दोन वर्षे, आणि शेवटी ३४८ नियमांची भिक्खुनी. थेरवादात ही संख्या ३११. कोरियन परंपरा धर्मगुप्तक या प्राचीन बौद्ध संप्रदायाचा विनय मानते. भिक्खुनीसंघ आणि भिक्खुसंघ अशा दोन्ही संघांसमोर दीक्षा देण्याची पद्धत तिथे १९८२ मध्ये पुन्हा सुरू झाली. उनमुनसाचा चार वर्षांचा अभ्यास श्रामणेरींसाठी आहे. जुन्या क्रमात तो शिस्तीच्या पाठांपासून सुरू होऊन अवतंसक सूत्राशी संपे. आधी गटात बसून उताऱ्यावर वाद घालायचा आणि मगच आचार्यांपुढे जायचे, ही तिथली शिकण्याची खरी ताकद. एके काळी तिथे दोनशेच्या वर विद्यार्थिनी असत. आता संन्यास घेणाऱ्या मुलीच कमी झाल्याने ती संख्या घटली आहे.

तिथल्या झाडाला दारू पाजतात म्हणे! — एक वाचक, रत्नागिरी

होय. अंगणात सुमारे पाचशे वर्षांचा एक पाइन आहे, फांद्या खाली झुकलेल्या छत्रीसारखा. कोरियाच्या संरक्षित ‘नैसर्गिक स्मारकां’त त्याचा क्रमांक १८० असे. दर वसंतात १२ माल तांदळाची दारू, माक्कोल्ली, तेवढ्याच पाण्यात मिसळून त्याला घालतात. एक माल म्हणजे सुमारे १८ लिटर. ही दारू आंबोण्यासारखी गढूळ असते, तिच्यातली साखर आणि यीस्ट मातीला मिळते. ती खोडाशी न ओतता मुळांच्या कडेला ओततात, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे तिथे असतात. घरच्या आंब्याला शेण-गूळ-बेसनाचे जीवामृत घालताना हेच लक्षात ठेवा. आणि मद्य वर्ज्य असलेल्या भिक्खुनी ते स्वतःच्या हातांनी ओततात, यात कोणाला अडचण वाटत नाही. शील पिण्याविषयी आहे.

माझ्या मुलीला तिथे काही दिवस राहून बघायचे आहे. काय तयारी करावी? — एक आई, ठाणे

कोरियातील अनेक मठांत २००२ पासून पाहुण्यांसाठी राहण्याची सोय आहे, ताई. ध्यानाच्या वासात काही भाग बंद असतात, म्हणून तारखा आधी बघून घ्याव्यात. वरचे कपडे मठ देतो. पायमोजे मात्र जास्त न्यावेत, सभागृहात अनवाणी जात नाहीत. महिनाभर आधीपासून दंडवतांचा सराव ठेवावा, रोज वीस-पंचवीसपासून सुरुवात करून. तिथे एकदम १०८ घालायला लागले की पहिल्या दिवशी मांड्या धरतात आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरता येत नाहीत. उठताना हाताने जमिनीला रेटा न देता टाचांवर भार घेऊन उठावे, म्हणजे गुडघे वाचतात. रात्री नऊला झोपायची सवय निघण्याआधी आठवडाभर लावावी. प्रत्येक भिक्खुनीला ‘सुनिम’ म्हणावे, नावाने हाक मारू नये, आणि समोर आल्या की थांबून, हात जोडून कमरेतून वाकावे. आणि पहिल्या पंगतीत भात अर्धाच घ्यावा. ताट दुसऱ्यांदा फिरते.